सेल्बीची नक्कल

सेल्बी कसा ताठ चालायचा, हे लोक अजून सांगतात. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी दुकानात कुणी ना कुणी मला गाठतंच. "ड्रूसी, एवढा संधिवात होता गं तुझ्या भावाला, पण कधी लंगडताना दिसला नाही. काय कणखर माणूस!" मी मान हलवते, पिठाची पिशवी उचलते आणि घरचा रस्ता धरते. त्यांना काय सांगू? त्यांना ते कौतुक वाटतं. तो ताठपणा त्याला माझ्यामुळे आला होता, आणि मी जन्मात त्याहून वाईट काम दुसरं केलं नाही.

आमची आई गेली तेव्हा सेल्बी सहा वर्षांचा होता आणि मी पंधरा. बाबा कायम समुद्रावर. त्याचं नाक पुसण्यापासून शर्ट शिवण्यापर्यंत सगळं मी केलं, आणि ते त्याला उठता-बसता ऐकवलंही. माझी जीभ आमच्या सॅडलर्स कोव्ह गावात सगळ्यांना ठाऊक आहे. माझा नवरा गार्लंड म्हणायचा, "आमच्याकडे सुरीला धार लावायची असली की नुसती ड्रूसीपुढे ठेवायची." सेल्बीनं लग्न केलं नाही. आमच्या घरामागच्या चढावर त्यानं दोन खोल्यांचं घर बांधलं. गार्लंडची आणि त्याची बोट एकच. वसंतात शेवंडं, उन्हाळ्यात कॉड मासे, हिवाळ्यात लाकूडतोड. जेवायला तो आमच्याच टेबलाशी असायचा.

आणि नकला! देवा रे, काय नकला करायचा तो. नाताळच्या बारा दिवसांत आमच्याकडे सोंगं घेऊन घरोघर फिरतात. डोक्यावर उशीचा अभ्रा, बाप्यांच्या अंगात बायकांचे कोट, पाठीला उशी बांधून काढलेलं कुबड, आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. घरच्यांनी ओळखायचं कोण ते. ओळखेपर्यंत तोंड उघडं करायचं नाही. सेल्बीला कुणी ओळखूच शकत नसे, कारण दर वर्षी तो दुसऱ्याच कुणाची तरी चाल घेऊन यायचा. एकदा शेजारच्या म्हाताऱ्या हेझ काकांसारखा फेंगडा आला. एकदा पाद्रीबाबांसारखा, पोट पुढे काढून. आणि एका वर्षी चक्क माझ्यासारखा आला, कमरेवर हात ठेवून, पाय आपटत. माझा स्वतःचा नवरा ओरडला, "ड्रूसी! तू मागच्या दारानं बाहेर कधी गेलीस?" मी तिथंच चुलीपाशी उभी होते. आम्ही इतके हसलो की हेझ काकांची कवळी बशीत पडली.

एकतिसाव्या वर्षी त्याला ते दुखणं लागलं. मे महिन्यात एका सकाळी उजवा गुडघा टम्म फुगला. मग दोन्ही मनगटं, मग बोटं. पंधरा दिवसांनी सगळं उतरलं, जसं काही झालंच नव्हतं. अख्खा उन्हाळा त्यानं जाळी ओढली. सप्टेंबरात पुन्हा फुगला. खाडीपलीकडच्या दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, हा सांध्यांना सूज आणणारा संधिवात आहे, मधूनमधून उसळणार, मधूनमधून निवणार, जाणार मात्र नाही. सेल्बीनं हे जेवताना सांगितलं. मी म्हटलं, "याला आम्ही थंडी बाधली म्हणतो. लोकरीचे मोजे घाल."

आता मला सांगा, इथं हात कुणाचे दुखत नाहीत? बर्फाच्या पाण्यातून जाळी ओढणाऱ्या माणसांची मनगटं फोडांनी भरलेली असतात. गार्लंडच्या बोटांची कातडी हिवाळ्यात उभी चिरायची. पाय मोडला तर पाय मोडलेला दिसतो, लोक रस्सा घेऊन येतात. पण हा माणूस सकाळी म्हणणार, मला उठता येत नाही, आणि दुपारी बघावं तर माझ्या खिडकीसमोरून चालत दुकानात निघालाय! बरं, चालतोय कसा, तर एकदम सरळ. माझं डोकंच फिरायचं. गार्लंड एकट्यानं जाळी ओढून यायचा, तोंडातून अक्षर काढायचा नाही. त्याच्या वाटचं मी बोलायची.

"काय राजेसाहेब, उतरलं का दुखणं? वास बरा आला तुम्हाला जेवणाचा."

"हलायला लागलं की थोडं सुटतं गं, ड्रूस. सकाळी अगदी गोठल्यासारखं होतं."

"जाळी ओढायच्या दिवशीच बरं गोठतं!"

तो हसायचा. हसून सोडून द्यायचा आणि काटा मुठीत धरून जेवायचा, लहान मूल धरतं तसा. त्यावरही मी बोलले होते. शर्टाला मी लावलेली बटणं त्यानं कापून टाकली आणि जाळ्याच्या सुतळीचे फास करून त्यात लाकडाच्या खुंट्या अडकवल्या, त्यावर तर आठवडाभर बोलले. दाराची मूठ काढून तिथं दोरीचा फास लावला, तेव्हा म्हटलं, "घर आहे की गुरांचा गोठा?" आणि त्याच्या खिडकीत रात्री दोन-दोन वाजता दिवा दिसायचा. मी गार्लंडला सांगायची, "बघ. रात्रभर जागत बसतो आणि पहाटे उठवत नाही."

मग सेंट जॉन्स शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, आणि तिथून सोन्याची इंजेक्शनं सुरू झाली. खरंच सोनं, औषधात घातलेलं. हेझ काका म्हणाले, "आता लग्न कर रे बाबा, दागिने अंगातच आहेत." थोडा फरक पडला. पण उसळायचं तेव्हा उसळायचंच.

तो सदतीस वर्षांचा होता त्या नाताळात तीन आठवडे घराबाहेर पडला नव्हता. मी ताट पाठवत होते. गार्लंडच्या हाती पाठवत होते, स्वतः गेले नाही. मला राग होता. डिसेंबरात लाकडं आणायची होती, आणि गार्लंड एकटाच करवत ओढत होता.

नाताळच्या दहाव्या दिवशी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं, हेझ काका आणि शेजारची विनी बसलो होतो. दारावर काठी वाजली. आत ओढलेल्या श्वासात कुणीतरी म्हणालं, "सोंगं आलीत, आत घेता का?"

पाचजण आत आले. चौघांना आम्ही पटापट ओळखलं, पोस्टाची मिल्ड्रेड तर तिच्या शिंकेवरून. पाचवा दारातच उभा होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला बायकी कोट, डोक्यावर कोटाच्या गळ्यात खोचलेला अभ्रा, त्यावर जुनी टोपी, हातांत कापूस कोंबलेले मोठे लोकरी मोजे. बाकीचे चौघे म्हणाले, हा आम्हाला फाटकापाशी येऊन मिळाला, कोण आहे आम्हालाही माहीत नाही.

तो चुलीकडे चालायला लागला. पाऊल टाकायच्या आधी थांबायचा. काचांवर टाकावं तसं हळूच टाकायचा. उजवा गुडघा वाकतच नव्हता, पाय मागून ओढत आणायचा. खांदे कानांपर्यंत चढलेले, दोन्ही हात छातीशी धरलेले. दारापासून चुलीपर्यंत दहा पावलं असतील. त्याला किती वेळ लागला!

"अगं बाई, सेल्बी!" विनी ओरडली आणि हसायला लागली.

"सेल्बी कसला?" हेझ काका म्हणाले. "सेल्बी असा चालतो होय? सेल्बी माझ्यापेक्षा सरळ चालतो. हा चेस्ली आहे, सेल्बीची नक्कल करतोय."

बरोबर, चेस्लीच. गावातला तो पोरगा हल्ली नकला करू लागला होता. मी कमरेवर हात ठेवून पुढे झाले. "चेस्ली, मेल्या, जास्त झालं हं! आमचा सेल्बी नाटकी आहे, पण तुझ्याइतका नाही."

सगळे खो-खो हसले. अभ्रा माझ्याकडे वळला आणि हलला. म्हणजे नाही, चेस्ली नाही.

"मग अँब्रोज?"

नाही.

"नाचव त्याला, म्हणजे कळेल!" विनी म्हणाली. गार्लंडनं टेबलावर ताल देत तोंडानं नाचाची धून धरली. सोंगांना नाचवायचं ही रीतच आहे. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. जोरात ओढलं, माझा हात हलका नाही. अभ्र्याच्या आतून एक आवाज आला.

"वा!" मी म्हटलं. "कण्हणंसुद्धा हुबेहूब! अगदी जाळी ओढायच्या दिवशीचं. दुपारी जेवणाच्या वेळी आपोआप बंद होतं बरं का हे!"

आणि मी पुन्हा हात दाबले. लोक हसत होते म्हणून दाबले. गार्लंडही हसला. सहा वर्षं गप्प राहिलेला माझा नवरा, तोही हसला.

सोंगानं हात सोडवून घेतले आणि तो बाकावर बसला. नुसता बसायलाच त्याला दोनदा थांबावं लागलं. मग त्यानं मोजा घातलेला हात गळ्याशी नेला आणि मला खूण केली. तुम्ही हरलात, आता तूच काढ. खरं तर ज्याला कुणी ओळखत नाही त्यानं स्वतःच्या हातानं अभ्रा काढायचा असतो, तो त्याचा मान. मी म्हटलं, "बघा, बटणंही दुसऱ्याकडून! काही म्हणजे काही सोडलं नाही पठ्ठ्यानं."

पहिलं बटण काढलं. दुसरं काढलं. आत निळा फ्लॅनेलचा शर्ट होता. शिवण माझी होती. आणि बटणांच्या जागी सुतळीचे फास, त्यात लाकडाच्या खुंट्या.

माझी बोटं तिथंच राहिली. गार्लंडची धून चालूच होती. विनी म्हणाली, "ओढ ना गं, किती वेळ!"

अभ्र्याच्या आतून, साध्या आवाजात, तो म्हणाला, "ओढ की, ड्रूस."

मी अभ्रा काढला. केस कपाळाला चिकटलेले, तोंड ओलं, आणि ते सगळं काही घामानं नव्हतं. तो माझ्यावर रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खरोखर विचारल्यासारखा म्हणाला, "जास्त झालं का गं?"

हेझ काकांनी तोंडातला पाइप काढला आणि परत घातला. विनी बिचारी रीतीप्रमाणे केक आणि सरबताचा पेला घेऊन आली. "नको, विनी," तो म्हणाला, "सांडेल माझ्याच्यानं." मग तो उठला. उभा राहिल्यावर त्यानं दात आवळले, खांदे मागे टाकले, गुडघा वाकवला, आणि चुलीपासून दारापर्यंत सरळ चालत गेला. अगदी नेहमीसारखा. दहा पावलं. नक्कल कुठली होती आणि माणूस कुठला, ते मला तेव्हा समजलं.

त्याचं झालं होतं असं, त्यानंच नंतर सांगितलं. सहा वर्षं तो लोकांसमोर जीव खाऊन ताठ चालत होता, कारण लंगडलं की आम्ही बोलायचो. तीन आठवडे कोंडून घेतल्यावर त्याला माणसांत यायचं होतं, आणि चालायचं तर दुखतंय तसं चालायचं होतं. वर्षातले बारा दिवस असे, की कुणी कसंही चाललं तरी चालतं. म्हणून अभ्रा घातला. कोटाची बटणं लावायला त्याला दुपारपासून बसावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी चढ चढून गेले. दाराच्या फासात कोपर घालून ओढलं, आणि दार किती सहज उघडलं. तो टेबलाशी बसला होता, दोन्ही हात गरम पाण्याच्या परातीत. किटलीखाली त्यानं लाकडाचा झुलता घोडा केला होता. उचलायची नाही, नुसती कोपरानं कलती करायची. पलंगावर तुळईला दोर बांधला होता, धरून उठायला. चमच्याच्या दांड्याला सुतळी गुंडाळून तो मुठीएवढा जाड केला होता. अशा वीस तरी गोष्टी असतील. सहा वर्षं मी त्या घरात जात-येत होते आणि सगळा पसारा म्हणून बघत होते.

"कधीपासून बसलायस?"

"दोन वाजल्यापासून. तीन तास शेकले की बोटं मिटतात. पाचला बोट निघते ना, म्हणून सवय लागली."

तो दिवा!

"सेल्बी, मला सांगितलं का नाहीस रे?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू म्हणालीस, मोजे घाल."

मी रडले. खूप रडले. त्याचे हात परातीतून काढून पुसायला गेले तर त्यानं हळूच मागे घेतले. काल मी दाबले होते ना. मी म्हटलं, "माझ्यासमोर यापुढे लपवायचं नाही. लंगड, कण्ह, शिव्या दे, काय वाटेल ते कर. शपथ घे." तो म्हणाला, "बरं." त्याला कधी कुणाला नाही म्हणता आलं नाही. आणि त्या दिवशी साडेदहाला, टपाल येतं त्या वेळी, तो माझ्या खिडकीसमोरून दुकानाकडे गेला. पट्टीसारखा सरळ.

त्यानंतर मी काय काय केलं! त्याच्या शर्टांना मीच फास लावले. गार्लंडनं बोटीची वेळ आठवर आणली, लोक हसले तरी आणली. मी रोज पाणी तापवून नेऊ लागले. तो सगळं घ्यायचा, थँक्यू म्हणायचा, माझ्या हातचे गोड पाव आवडीनं खायचा, हेझ काकांची नक्कल करून मला हसवायचा. पण मी खोलीत असले की त्याचे खांदे मागे आणि गुडघा वाकलेला. सूज आलेली असायची, बोटं लाल दिसायची, आणि तो म्हणायचा, "आज बरंय." एकदा मी ओरडले, "अरे, लंगड ना माझ्यासमोर!" तर तो कसनुसा हसला. "आता येत नाही गं," म्हणाला. "तू बघतेस ना, मग आपोआप सरळ होतं."

त्याच हिवाळ्यात एकदा मी कोंबड्यांना घालायला घराच्या मागे गेले होते. मी खुराड्याआड होते, त्याला दिसले नाही. तो घर ओलांडून पुढे गेला. माझी खिडकी संपते तिथं त्यानं कुंपण धरलं, वाकला आणि तसाच उभा राहिला, कितीतरी वेळ. मग काचांवर टाकावं तशी पावलं टाकत पुढे गेला. माझ्या खिडकीपुरता तो ताठ होता. रोज.

त्या रात्री मी जाड कापडाचा पडदा शिवला. दुसऱ्या दिवशी साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना ओढून घेतला, चांगला खिळ्याला अडकवला, बाहेरून दिसेल असा. आणि पडद्यामागे उभी राहिले. पावलं आली. आधी सरळ, एकसारखी. मग थांबली. मग पुन्हा सुरू झाली, तेव्हा एक जड, एक ओढलेलं. एक जड, एक ओढलेलं. खडीवर ते फार स्पष्ट ऐकू येतं.

एकवीस वर्षं, तो बोटीवर नसेल त्या प्रत्येक दिवशी, मी तो पडदा ओढला. पुढे सरकारनं मासेमारीच बंद केली, सगळेच घरी बसले, तेव्हा तो म्हणाला, "चला, आता घरी का, हे मला कुणी विचारणार नाही." त्यानंतरही टपालाला रोज जायचा. उसळलं असेल ते दिवस मला आवाजावरून कळायचे. डोळ्यांनी मी त्याला लंगडताना पुन्हा कधी पाहिलं नाही. पडद्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. फक्त एकदा, जेवता जेवता, तो सहज म्हणाला, "ड्रूस, तुझा तो पडदा बाहेरून फार मळलाय गं." मी त्याच संध्याकाळी तो धुतला आणि चुलीवर वाळवला, सकाळी साडेदहाच्या आत परत लावायला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचं हृदय थांबलं. या दुखण्यात हृदयही झिजतं, डॉक्टर म्हणाले. पेटीत ठेवताना त्याची बोटं सरळ करायला लागले, तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, तशीच राहू द्या. लोक रांगेनं येऊन सांगत होते, काय ताठ चालायचा.

पुरून घरी आले आणि मी पडदा काढला, धुतला, घडी करून ठेवला. आता खिडकी उघडी असते. साडेदहाला मी तिथं खुर्ची घेऊन बसते. रस्ता दुकानापर्यंत सगळा दिसतो. कुणी येत नाही.